पंचनिर्णयाची अंतिमता आणि हॉयत्सर प्रकरण

खेळातील घटनांविषयी पंचाने दिलेला निर्णय अंतिम असतो, असा फुटबॉलचा नियम आहे. पंचाच्या हातून चूक झाली तरी खेळ चालू राहावा, हा त्याचा हेतू होय. परंतु चुकीला मिळणारे हे संरक्षण कपटालाही आश्रय देऊ शकते, हे जर्मन पंच रॉबर्ट हॉयत्सर याच्या अधःपतनावरून दिसून येते.

वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच हॉयत्सरकडे द्वितीय श्रेणीच्या व्यावसायिक सामन्यांची सूत्रे आली होती. २१ ऑगस्ट २००४ रोजी जर्मन चषक स्पर्धेत तृतीय श्रेणीतील पाडरबॉर्न संघाची गाठ हँबुर्गच्या प्रथम श्रेणी संघाशी पडली. हँबुर्गने प्रारंभी दोन गोलांची आघाडी मिळविली. परंतु त्याच्या एमिल म्पेन्झा या खेळाडूस पंचाने मैदानाबाहेर काढले, पाडरबॉर्नला दोन पेनल्टी बहाल केल्या आणि हँबुर्ग २-४ असा पराभूत झाला. यांतील प्रत्येक निर्णय सुटा घेतला, तर तो केवळ दृष्टिदोष ठरला असता.

कपट उघडकीस आले ते सहकाऱ्यांमुळे. जानेवारी २००५ मध्ये चार पंचांनी आपला संशय महासंघास कळविला. आरंभी इन्कार करणाऱ्या हॉयत्सरने त्याच महिन्यात कबुली दिली. बर्लिनमधील पैजबाज आंटे शापिना याच्याकडून त्याने ६७,००० युरो व एक दूरचित्रवाणी संच स्वीकारला होता. महासंघाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. नोव्हेंबर २००५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने त्यास दोन वर्षे पाच महिन्यांची, तर शापिनास दोन वर्षे अकरा महिन्यांची शिक्षा ठोठावली.

परंतु फसवणूक नेमकी कोणाची झाली? प्रचलित कायद्यान्वये हा गुन्हाच होत नाही, अशी भूमिका अपिलात खुद्द संघराज्याच्या सरकारी वकिलांनी घेतली. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. सामन्यात आपण हस्तक्षेप केलेला नाही, अशी हमी पैज लावणारा न बोलताही देत असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने फसविली गेली ती पैज स्वीकारणारी संस्था. हँबुर्गला महासंघाकडून भरपाई मिळाली, पण गमावलेला सामना पुन्हा खेळविण्यात आला नाही. स्पर्धेच्या सचोटीला स्वतंत्र संरक्षण देणारी कलमे जर्मन दंडसंहितेत २०१७ मध्ये समाविष्ट झाली.

नियमाने पंचाचा शब्द अंतिम ठरविता येतो; तो विश्वासार्ह ठरविता येत नाही. ती विश्वासार्हता राखण्याचे काम या प्रकरणी नियमपुस्तकाने नव्हे, तर चार समव्यवसायी पंचांनी केले.