वळिवड्याचे पाहुणे

कोल्हापूरजवळचे गांधीनगर आपल्या बेळगावच्या व्यापाऱ्यांना कापडाच्या घाऊक बाजारामुळे परिचित आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी ही वसाहत नावारूपाला आणली. परंतु ज्या बराकींत ते प्रथम उतरले, त्या त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. वळिवडे गावालगतच्या त्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळंकृत केला. पूर्व भागातील लक्षावधी नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली, तेव्हा मॉस्कोला या बंदिवानांना मोकळे करणे भाग पडले. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून त्यांपैकी बरेच जण इराणात पोहोचले. धडधाकट पुरुष सैन्यात गेले; बायकामुलांना जागा कोण देणार, हा प्रश्न उरला. त्याच वर्षी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो मुलांना आश्रय दिला. मुले त्यांना 'बापू' म्हणत. पुढच्या वर्षी करवीर संस्थानात वळिवड्याची मोठी छावणी उभी राहिली.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वळिवड्याच्या खर्चाचा भार मुख्यतः लंडनस्थित पोलिश सरकारने उचलला होता. त्यामुळे केवळ राजेरजवाड्यांच्या औदार्याची कथा म्हणून हा प्रसंग सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. मला त्याचे मोल निराळ्या ठिकाणी दिसते. १९४३ चा हिंदुस्थान आठवून पाहावा. 'चले जाव'चे पुढारी तुरुंगात होते, बंगालमध्ये माणसे अन्नान्न करून मरत होती आणि धान्य मोजून मिळत होते. स्वतःचे राज्य नसलेल्या या देशातील एका खेड्याच्या शेजारी भाषा, धर्म, पेहराव अशा सर्वच बाबतींत परकी असलेली पाच हजार माणसे येऊन राहिली. तेथे त्यांच्या शाळा भरल्या, चर्च उभे राहिले, रुग्णालय आणि नाट्यगृह चालले. बालवीरांची पथके निघाली, मुले पंचगंगेत पोहली. उपासमार आणि आप्तांचे मृत्यू पाहिलेल्या त्या मुलांना रोजचे साधे, निर्धास्त जगणे पुन्हा मिळाले, याहून मोठे दान मला कल्पिता येत नाही.

युद्ध संपले, पण त्यांचे हाल संपले नाहीत. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. शिवाय बहुतेकांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. परतायचे तर कोठे? छावणी स्वातंत्र्यानंतरही काही महिने चालू राहिली. आपलेच लक्षावधी लोक रस्त्यावर आलेले असताना या परक्यांना कोणी बाहेर काढले नाही. मात्र त्याच १९४८ च्या प्रारंभी, गांधीहत्येनंतर, याच कोल्हापुरात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरे जाळली, हेही इतिहासकाराला वगळता येत नाही. परक्याला जवळ करणारे गाव आपल्याच माणसाला परके करू शकते, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

पुढे हे निर्वासित ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत विखुरले. काही पोलंडलाही परतले. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक झाले आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधून निघालेल्या भारतीय विद्यार्थ्यांना पोलंडने व्हिसावाचून सीमा खुली केली, तेव्हा अनेकांना या जुन्या हकीकतीची आठवण झाली.

छावणीतील माजी रहिवाशांनी आपल्या आठवणींचा व कागदपत्रांचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला आहे. वळिवड्याच्या बाजूची हकीकत मात्र माझ्या वाचनात फारशी आलेली नाही. त्या वेळी छावणीच्या कडेला उभी राहून हे नवे शेजारी न्याहाळणारी दहा वर्षांची पोरे आज नव्वदीपार गेली आहेत.