उंदरांवरील प्रयोग माणसाला किती लागू? सॅकरिनचे उदाहरण

कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थांमुळे प्रयोगशाळेतील उंदरांना आजार झाल्याचे वृत्त आले की मधुमेही रुग्णांमध्ये चिंता पसरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. असा निष्कर्ष माणसाला कितपत लागू पडतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ शास्त्रज्ञांपुरता राहत नाही. सॅकरिनच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला.

साखरेपेक्षा सुमारे ३०० पट गोड असलेल्या सॅकरिनचा शोध १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लागला. जवळपास शंभर वर्षे ते वापरात होते. १९७७ मध्ये कॅनडातील एका प्रयोगात, आहारात ५ टक्के सॅकरिन दिलेल्या उंदरांच्या, विशेषतः दुसऱ्या पिढीतील नरांच्या, मूत्राशयात गाठी आढळल्या. कॅनडाने खाद्यपदार्थांतील सॅकरिनवर बंदी घातली. प्राण्यांमध्ये कर्करोग निर्माण करणारा पदार्थ अन्नात मिसळू नये, अशी तरतूद अमेरिकेच्या कायद्यात १९५८ पासून होती. तिला अनुसरून तेथेही बंदीचा प्रस्ताव आला. मात्र त्या वेळी साखरेला दुसरा पर्याय फारसा नसल्याने मधुमेही व ग्राहकांनी तीव्र विरोध केला आणि अमेरिकी काँग्रेसने बंदी लांबणीवर टाकून वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले.

आहारातील ५ टक्के ही मात्रा ध्यानात घेण्याजोगी आहे. उंदराच्या वजनाच्या हिशेबाने ती दर किलोमागे दररोज सुमारे अडीच ग्रॅम होते. माणसासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे पाचशे पट कमी आहे.

तरीही प्रश्न केवळ मात्रेचा नव्हता. नर उंदराचे मूत्र माणसाच्या मूत्राहून वेगळे असते. त्यात प्रथिने व क्षार भरपूर असतात. सोडियम सॅकरिनच्या मोठ्या मात्रेमुळे त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात. हे कण मूत्राशयाच्या आतील अस्तराला इजा करतात, अस्तराच्या पेशी पुन्हा पुन्हा वाढतात आणि त्यातून पुढे गाठ होते. माणसाच्या मूत्रात ही स्थिती निर्माण होत नाही. इतकेच नव्हे, तर लहान जातीच्या उंदरांमध्येही असा परिणाम दिसला नाही. (इंग्रजीत रॅट आणि माऊस असे दोन शब्द असलेल्या या दोन्ही प्राण्यांना मराठीत उंदीरच म्हटले जात असल्याने बातम्यांत हा फरक अनेकदा हरवतो.) वीस माकडांना २४ वर्षांपर्यंत सॅकरिन देऊन केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या नाहीत. दीर्घकाळ सॅकरिन वापरणाऱ्या मधुमेहींच्या पाहण्यांतही मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. २००० मध्ये अमेरिकेने सॅकरिनचे नाव कर्करोगकारक पदार्थांच्या यादीतून वगळले आणि वेष्टनावरील इशाराही रद्द केला.

यावरून प्राण्यांवरील प्रयोग निरुपयोगी ठरतात, असे मानणे मात्र चुकीचे होईल. प्लॅस्टिक उद्योगातील व्हिनाइल क्लोराइडमुळे यकृतात होणारा दुर्मिळ कर्करोग इटलीतील चेझारे माल्तोनी यांना आधी उंदरांत आढळला होता. १९७४ मध्ये तोच अमेरिकेतील कामगारांत झाल्याचे उघड झाले. गाठ कोणत्या प्रक्रियेतून झाली आणि ती प्रक्रिया माणसातही घडते का, हे कळल्यावरच निष्कर्षाचे मोल ठरते.

याउलट काही वेळा प्राण्यांतील निरीक्षण माणसाकडे बोट दाखवते. सॅकरिनमुळे आतड्यातील जिवाणूंत बदल होऊन रक्तातील साखरेचे नियंत्रण बिघडते, असे इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१४ मध्ये प्रामुख्याने उंदरांत दाखवले. याच संस्थेच्या १२० निरोगी व्यक्तींवरील २०२२ च्या प्रयोगात सॅकरिन व सुक्रालोजचा असा परिणाम आढळला. तो व्यक्तीगणिक वेगळा होता आणि प्रयोग अल्पकाळाचा होता.

अॅस्पार्टेमचा वाद अद्याप मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये त्याला 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकले. त्याच वेळी अन्न सुरक्षेच्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम ही दैनंदिन मर्यादा कायम ठेवली. वजन घटवण्यासाठी असे गोड पदार्थ वापरू नयेत, अशी शिफारसही संघटनेने त्याच वर्षी केली. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांना मात्र ती लागू नाही.