बाप्ये तमाशाला, बाया कीर्तनाला

निफाड तालुक्यात नैताळ्याला पौषात मतोबा महाराजांची यात्रा भरते. आपल्याकडच्या यात्रांत तमाशाच्या तंबूत पिढ्यान् पिढ्या पुरुषच बसत आलेत. सप्त्याच्या कीर्तनात मात्र बायांची बाजू आधी भरते. यावरून लोक बिनधास्त सांगतात की बाप्यांना गाण्यातली मजा हवी असते आणि बायांना भक्ती.

मला हे पटत नाही. फोनवरचं ॲप आधी परवानगी मागतं ना, तशी बाईच्या कारणाला घरातून मंजुरी लागायची. ‘गाणं ऐकायला जाते’ हे मंजूर होणारं कारणच नव्हतं. ‘कीर्तनाला जाते’ होतं. आणि कीर्तनात काय असतं? टाळ, पखवाज, रागातल्या चाली. नारदीय कीर्तनात तर पेटी-तबल्यावर रागदारीतली पदं. म्हणजे मैफलच की!

न्यायमूर्ती रानडे निफाडचेच, जन्म १८४२ चा. त्यांच्या आग्रहाने पत्नी रमाबाई सभांना जायला लागल्या, तर घरातल्याच बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. १९१० मध्ये आलेल्या आठवणींत त्यांनी ते लिहून ठेवलंय. नवरा न्यायाधीश, तरी ही गत. मग गाण्याच्या बैठकीला कोण पाठवणार?

पुढे नाटकं आली. बालगंधर्वांच्या प्रयोगांना बायका साड्या बघायला जातात, असं पुरुष हसून म्हणायचे. साड्या बघत असतीलही, पण कानात बोळे घालून थोडंच बसत होत्या?

खरा फरक तिकिटाने पडला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत आणलं आणि तिकीट लावून जलसे केले. (उत्तरायुष्यात ते आपल्या नाशकातच रामनामात रमले होते.) गाणं दिवाणखान्यातून सभागृहात आलं. मग हिराबाई बडोदेकर अदाकारी न करता, शांत बसून तिकिटाच्या मैफलीत गाऊ लागल्या. गाणारी बाई अशी समोर बसलेली दिसल्यावर ऐकणाऱ्या बाईला घरी सांगायला एक नवं कारण मिळालं: ‘हिराबाईंचं गाणं आहे.’

२००८ साली नाशिकजवळ द्राक्षमळ्यांत सुला फेस्ट सुरू झाला. तिथे जाताना मुलगा घरी सांगतो, “सुलाला चाललोय.” निफाडहून निघालेली मुलगी काय सांगते, ते मी इथे लिहिणार नाही. पुढच्या वर्षीही तिला जायचं असतं.