सरकारची भर आणि आपली म्हातारपणाची पुंजी

बचत गटात आपण दर महिन्याला पैसे टाकतो. पण हातपाय थकल्यावर महिन्याचा खर्च कसा भागेल? या प्रश्नावर सरकारने काय काय करून पाहिलं, ते आज ऐकू या.

२०१० साली ‘स्वावलंबन’ योजना आली. मोलमजुरी करणाऱ्यांनी पेन्शन खात्यात वर्षाला १,००० ते १२,००० रुपये भरायचे आणि सरकारने त्यात हजाराची भर घालायची. हजाराला हजार मिळूनही लोक हवे तेवढे आले नाहीत. साठीनंतर नेमकी किती पेन्शन मिळेल, याची हमी नव्हती.

म्हणून २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. तिच्यात १,००० ते ५,००० रुपयांची हमी होती. तीस वर्षांच्या बाईने दरमहा ११६ रुपये भरले, तर साठीनंतर दरमहा १,००० रुपये. मार्च २०१६ पर्यंत नाव घातलेल्या पात्र सभासदांना सरकारने पाच वर्षं निम्मी भर दिली, वर्षाला जास्तीत जास्त हजार. म्हणजे तिच्या १,३९२ रुपयांवर ६९६ रुपये.

नंतर येणाऱ्यांना ही भर नव्हती. तरी सभासद वाढतच गेले आणि सात कोटींच्या पुढे गेले. पेन्शनचा आकडा ठरलेला, हप्ता खात्यातून आपोआप कापला जाणारा, आणि बँकाच नाव घालून घेणाऱ्या.

२०१९ मध्ये श्रमयोगी मानधन योजना आली. तिच्यात आपण भरू तेवढेच पैसे सरकार भरतं, तेही साठीपर्यंत. तरी तिचे सभासद पन्नास लाखांच्या आसपासच राहिले. तिथे उत्पन्नाची अट आहे, हेही खरं.

यातून काय कळतं? सरकारची भर पहिलं पाऊल टाकायला मदत करते. पण वीस-तीस वर्षं हप्ता चालू राहतो तो हमीवर, सवयीवर आणि विश्वासावर.

तेव्हा बायांनो, गटाच्या पुढच्या बैठकीला पासबुक घेऊन या. हप्ता कापला जातोय का, वारस म्हणून कुणाचं नाव आहे, ते बघा. अटल पेन्शनमध्ये ज्यांना सरकारची भर मिळाली, त्यांनी साठीआधी मनाने खातं बंद केलं, तर ती भर आणि तिच्यावरची वाढ हातची जाते. अडचणीला गटाचं कर्ज घ्या, पण म्हातारपणाचा पैसा मोडू नका.