तळहातात दडलेले नाणे

नाण्याच्या हातचलाखीला रंगमंच लागत नाही. पेट्या, आरसे किंवा मदतनीसही लागत नाहीत. दोन हात, एक नाणे आणि समोर बघणारा माणूस एवढ्यावर ती उभी राहते. तिचा पाया म्हणजे नाणे तळहातात धरून ठेवणे. जादूगार याला ‘पाम करणे’ म्हणतात. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा आणि करंगळीच्या बाजूचा उंचवटा यांच्या मधोमध नाणे ठेवून हात किंचित आकसला की नाण्याची कड दोन्हीकडून धरली जाते. बोटे मोकळी राहतात, आणि पालथा धरलेला हात रिकामा वाटतो. नाणे बोटांच्या मुळाशी, अंगठ्याच्या बेचक्यात किंवा हाताच्या पाठीमागे दोन बोटांच्या चिमटीतही दडवता येते. युक्ती सांगायला दोन मिनिटे पुरतात. गेली चारशेहून अधिक वर्षे ती छापील पुस्तकांतून उघडपणे सांगितली गेली आहे, आणि तरीही ती निष्प्रभ झालेली नाही. या कलेचा इतिहास हा बराचसा तिच्या पुस्तकांचा, म्हणजे तिच्या शिकण्या-शिकवण्याचा इतिहास आहे.

त्यातले पहिले महत्त्वाचे इंग्रजी पुस्तक जादू शिकवण्यासाठी लिहिलेलेच नव्हते. केंट परगण्यातील रेजिनल्ड स्कॉट या गृहस्थाने १५८४ साली ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ प्रसिद्ध केले. दोनच वर्षांपूर्वी एसेक्समधील सेंट ओसिथ येथे चेटकाच्या आरोपावरून बायकांवर खटले चालून फाशी दिली गेली होती. अशा खटल्यांत भरडल्या जाणाऱ्या बहुतेक स्त्रिया म्हाताऱ्या, गरीब आणि एकाकी आहेत, त्यांच्या अंगी कोणतीही सैतानी शक्ती नाही, हे स्कॉटला ठासून सांगायचे होते. लोकांना अद्भुत वाटणाऱ्या गोष्टी साध्या हाताने कशा घडवता येतात, हे दाखवल्याखेरीज हा युक्तिवाद पुरा होत नव्हता. म्हणून त्याने गोळ्या, नाणी आणि पत्ते यांच्या हातचलाखीवर प्रकरणे लिहिली. एका हातातले नाणे दुसऱ्या हातात नेणे, परक्या माणसाच्या मुठीत एकाची दोन नाणी करणे, टेबलातून नाणे आरपार घालवणे, फेकून दिलेले नाणे हव्या त्या जागी सापडवणे, असे कितीतरी प्रकार त्यात आहेत. नाणे लपवायला तळहात ही सर्वांत योग्य जागा आहे आणि त्यासाठी ‘टेस्टर’ हे सहा पेन्सांचे नाणे सोयीचे, पण सराव झाला की सगळी नाणी सारखीच, असेही तो सांगतो. भांड्यातून आपोआप उडी मारणाऱ्या नाण्यामागे बाईचा लांब काळा केस बांधलेला असतो, तळहातावर स्पष्ट दिसणारे नाणे नखाला लावलेल्या मेणाने उचलले जाते, आणि दोन नाणी कानशीने घासून एकमेकांना जोडली की दोन वेगवेगळ्या बाजूंचे एक नाणे तयार होते. मंत्र पुटपुटणे केवळ लक्ष वेधण्यासाठी असते, हेही त्याने नोंदवले.

स्कॉटने ही माहिती कलावंतांकडूनच मिळवली होती. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन कॉटारेस या फ्रेंच माणसाचा त्याने आदराने उल्लेख केला आहे. हा माणूस कष्टाची भाकरी खाणारा, वागायला सरळ आणि हातचलाखीत अव्वल होता. चेटकाच्या संशयाने माणसे मारली जात असताना एका हुन्नरी माणसाचे नाव घेऊन त्याला प्रामाणिक म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. पोटासाठी फसवणूक करणारा आणि करमणुकीसाठी चकवणारा यांतला फरक स्कॉटने इथे स्वच्छ आखला. पुढच्या काळात १६१२ साली सॅम्युएल रिडचे आणि १६३४ साली ‘होकस पोकस ज्युनिअर’ हे निनावी पुस्तक आले. रिडने तर स्कॉटचा मजकूर बऱ्याच प्रमाणात उचलला होता. त्यानंतरची दोनेक शतके जत्रेतला जादूगार आणि त्याची स्वस्त पुस्तके यांचीच होती.

एकोणिसाव्या शतकात जादूगार जत्रेतून दिवाणखान्यात आणि नाट्यगृहात आला. या बदलाशी फ्रान्समधील ब्ल्वा गावच्या झाँ-यूजीन रोबेर-उदँ (१८०५–१८७१) याचे नाव जोडले जाते. तो पेशाने घड्याळजी होता. ३ जुलै १८४५ रोजी त्याने पॅरिसच्या पॅले-रॉयालमध्ये आपले छोटे नाट्यगृह सुरू केले. ढगळ झगे आणि अंधारी गुहा यांना फाटा देऊन तो उजळ दिवाणखान्यासारख्या मंचावर सभ्य गृहस्थाच्या पोशाखात उभा राहिला. १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने जादूगाराला जादूगाराची भूमिका करणारा नट मानले. नाण्याच्या बाबतीत या विचाराला फार महत्त्व आहे. नट जसा नसलेल्या वस्तूला असल्यासारखे वागवतो, तसे हातचलाखी करणाऱ्याला रिकाम्या मुठीत नाणे असल्यासारखे वागावे लागते. बोटे किती चपळ आहेत हा प्रश्न त्यानंतरचा.

हे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेले लंडनच्या एका बॅरिस्टरने. अँजेलो लुईस याने ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने मुलांच्या मासिकात लेखमाला लिहिली आणि १८७६ साली ती ‘मॉडर्न मॅजिक’ या नावाने पुस्तकरूपात आली. पेशेवाईक जादूगारांना हा उघडेपणा रुचला नाही. पण ज्या तपशिलाने हॉफमनने पाम करायला शिकवले, तसे त्याआधी इंग्रजीत कोणी शिकवले नव्हते. हाफ क्राउन किंवा पेनीसारखे नाणे तळहातावर ठेवा, हात किंचित आकसा, योग्य जागा थोड्या प्रयत्नांनी सापडेल. मग नाणे धरलेल्या हातानेच रोजची कामे सहज करायची सवय लावा. आणि तळहात सतत जमिनीकडे किंवा स्वतःच्या अंगाकडे असू द्या, असा त्याच्या पाठांचा क्रम होता. फ्रेंच जादूगारांची ‘तुर्निके’ ही हालचालही त्याने समजावून सांगितली. डाव्या हाताच्या बोटांत कडेने धरलेले नाणे उजव्या हाताने घेतल्यासारखे करायचे, प्रत्यक्षात ते डाव्या हातातच पडू द्यायचे, आणि डोळे मात्र उजव्या मुठीच्या मागे न्यायचे. आज ‘फ्रेंच ड्रॉप’ या नावाने शिकणाऱ्याच्या पहिल्याच धड्यात येणारी युक्ती ती हीच.

यानंतर नाणे खऱ्या अर्थाने मोठ्या मंचावर चढले. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील माँटूर येथे १८६७ साली जन्मलेला टॉमस नेल्सन डाउन्स रेल्वेत तारबाबू होता. त्याला गुरू नव्हता. स्टेशनवरच्या नोकरीत मिळणारा रिकामा वेळ त्याने नाण्यांवर खर्च केला. त्या काळात विविध मनोरंजनाच्या नाट्यगृहांत प्रत्येक कलावंताला मोजकी मिनिटे मिळत. सगळे थोडे थोडे करणाऱ्यापेक्षा एकच गोष्ट अद्वितीय करणाऱ्याला तिथे मागणी होती. डाउन्सने नाणे निवडले आणि १८९९ साली लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये ‘नाण्यांचा राजा’ म्हणून नाव कमावले.

‘कंजूषाचे स्वप्न’ हा त्याचा गाजलेला प्रयोग. रिकामा हात हवेत जातो, बोटांच्या टोकाशी चांदीचे नाणे चमकते आणि डाव्या हातातल्या उंच टोपीत खणकन पडते. मग दुसरे, तिसरे. प्रेक्षकाच्या कोपरातून, दाढीतून, हवेतून. ‘नाण्यांचा पाऊस’ या नावाने मूळ कल्पना हॉफमनच्या पुस्तकातही आहे. टोपी धरलेल्या हातात आधीच नाण्यांची चळत असते. उजवा हात टोपीत नाणे टाकल्यासारखे करून ते पुन्हा पाम करतो, आणि त्याच क्षणी डावा हात चळतीतले एक खाली सोडतो. कानाला आवाज येतो, डोळ्याला हालचाल दिसते, आणि प्रेक्षकाचे मन दोन्ही जोडून घेते. डाउन्सने याला जोड दिली ती हाताच्या पाठीमागे नाणी दडवण्याची. तळहात पूर्ण उघडा दाखवायचा, नाणी बोटांच्या मागे. हात पालथा करायचा, तोवर नाणी पुढे. हजारभर प्रेक्षकांसमोर एवढीशी वस्तू चालली त्यात चांदीच्या चमकेचा आणि टोपीतल्या खणखणाटाचा मोठा वाटा होता. १९०० साली त्याचे ‘मॉडर्न कॉइन मॅनिप्युलेशन’ निघाले आणि त्याने आपले कसब स्वतःच छापून टाकले. पुस्तक वाचून त्याची नक्कल करणारे पुष्कळ झाले, पण त्याचा हात कोणाला विकत मिळाला नाही.

याच सुमारास मानसशास्त्रज्ञांचे लक्षही या कलेकडे वळले. फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने याने पॅरिसच्या नामवंत जादूगारांना प्रयोगशाळेत बोलावून त्यांच्या हालचालींची क्रमवार छायाचित्रे घेतली आणि १८९४ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सुट्या छायाचित्रांत युक्ती उघडी पडते, सलग हालचालीत मात्र डोळा फसतो, हे त्याच्या लक्षात आले. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेटने १९०० साली मुलांसमोर चेंडू वर फेकण्याचा प्रयोग मांडला. चेंडू खरोखर फेकून झेलल्यावर पुढच्या वेळी फक्त फेकल्याचा आव आणला, तेव्हा चेंडू हवेत जाऊन नाहीसा झालेला आपण पाहिला असे अनेक मुलांनी सांगितले. २००६ साली गुस्टाव्ह कून आणि मायकेल लँड यांनी हाच भ्रम पुन्हा तपासला. जादूगाराची नजर काल्पनिक चेंडूच्या मागे वर गेली की भ्रम वाढतो, नजर हातावर राहिली की तो ओसरतो, असे त्यांना दिसले. नाण्याच्या ‘रिटेन्शन’ पद्धतीमागेही असेच काही घडते. नाणे मुठीत ठेवले जात असताना ते अखेरच्या क्षणापर्यंत दिसत राहते, बोटे मिटताना ते परत काढून घेतले जाते, आणि मुठीत पोचलेल्या नाण्याची प्रतिमा बघणाऱ्याच्या मनात मागे राहते. हाताची चपळाई डोळ्याला हरवते ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. चांगला कलावंत बहुधा सावकाश हलतो.

बोलपटांमुळे १९३० च्या दशकात विविध मनोरंजनाची नाट्यगृहे मोडली आणि नाणे मंचावरून टेबलाशी उतरले. जवळून दाखवायच्या जादूत टोपीचा खणखणाट उपयोगाचा नव्हता. इथे प्रेक्षक हातभर अंतरावर होता. ओटावा येथे जन्मलेल्या डाय व्हर्नन (१८९४–१९९२) याने या काळाला दिशा दिली. नाणे खरोखर उचलताना, ठेवताना, दुसऱ्या हातात देताना आपला हात कसा हलतो ते आधी पाहा आणि खोटी हालचाल तंतोतंत तशीच करा, हा त्याचा आग्रह होता. १९६३ साली हॉलिवूडमध्ये सुरू झालेल्या ‘मॅजिक कॅसल’ या जादूगारांच्या क्लबात त्याने उतारवयात पिढ्यान्पिढ्यांचे शिष्य घडवले. स्कॉटलंडमधील एअर गावचा वाणी जॉन रॅमझी दुकान सांभाळून अशी नाणी फिरवी की पट्टीचे जादूगारही चकत. प्रेक्षकाने जिथे पाहावे असे वाटते तिथे आपण पाहावे, आणि त्याने आपल्याकडे पाहावे असे वाटले तर त्याच्याकडे पाहावे, हे त्याचे सूत्र आजही शिकवले जाते. न्यूयॉर्कमध्ये इटालियन वंशाच्या स्लायडिनीने बसून काम करण्याची पद्धत परिपूर्ण केली. टेबलाच्या कडेवरून नाणे मांडीत पडते तो क्षण अंगाच्या एका सहज झुकण्यात विरून जात असे.

या सगळ्या विखुरलेल्या ज्ञानाला घर मिळाले ते जे. बी. बोबो याच्या ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’मध्ये. टेक्सास राज्यातील टेक्सार्काना येथे राहणारा बोबो शाळाशाळांतून खेळ करी. १९५२ साली आलेल्या या जाडजूड पुस्तकात त्याने पाम करण्याच्या पद्धती, नाणे नाहीसे करण्याचे प्रकार, बनावट नाणी आणि अनेक कलावंतांचे पूर्ण प्रयोग आकृत्यांसह मांडले. १९६६ साली त्याची वाढीव आवृत्ती निघाली. नाण्यांकडे वळणारा नवशिका आजही बहुधा याच पुस्तकापाशी पोचतो. बोबोने घातलेल्या पायावर पुढची इमारत चढवली न्यूयॉर्कच्या डेव्हिड रॉथ (१९५२–२०२१) याने. रिचर्ड कॉफमनने लिहिलेल्या १९८५ सालच्या ‘एक्सपर्ट कॉइन मॅजिक’मध्ये त्याचे काम एकत्र आले. एका हातातले नाणे दुसऱ्या हातात दिल्याचा भास करून तिथले दुसरेच नाणे दाखवण्याची ‘शटल पास’ त्याने इतकी निर्मळ केली की बदल झाल्याची शंकाही येत नाही. व्हिडिओ कॅसेटी आल्या तेव्हा रॉथचे हात घरोघरी दिसू लागले. पुस्तकातून न कळणारी लय त्यामुळे शिकता आली, पण एकाच कलावंताच्या ढंगाची नक्कल करणाऱ्यांची संख्याही वाढली.

या कलेवर टांकसाळींच्या निर्णयांचाही परिणाम होतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. तळहाताला साधारण तीस मिलिमीटर व्यासाचे, वजनदार आणि कडेला खाचा असलेले नाणे मानवते. अमेरिकेचा हाफ डॉलर ३०.६ मिलिमीटरचा आहे. ब्रिटनची जुनी तांब्याच्या रंगाची पेनीही जवळजवळ तेवढीच. म्हणूनच चांदीचे आणि तांब्याचे नाणे जागा बदलतात हा प्रयोग या जोडीवर रूढ झाला. १९७१ साली ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले आणि ती पेनी बाद झाली, पण जादूगारांच्या खिशात ती राहिली. १९६४ नंतर हाफ डॉलरमधील चांदी कमी झाली आणि १९७१ पासून ती पूर्ण गेली. चांदीचा मऊ स्पर्श आणि आवाज हवा असलेले कलावंत म्हणून १९१६ ते १९४७ या काळातील जुने हाफ डॉलर शोधून घेतात.

भारताचा ब्रिटिशकालीन कलदार रुपया या मापात नेमका बसत होता. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम आणि व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर, म्हणजे हाफ डॉलरचा जुळा भाऊच. रस्त्यावर बैठक मारून, उघड्या हातांनी खेळ करणाऱ्या गारुड्याला पोराच्या कानामागून काढायला याहून चांगले नाणे नव्हते. १९४७ साली रुपया निकेलचा झाला आणि पुढे लहान होत गेला. आजचा एक रुपया २० ते २२ मिलिमीटरचा, पाच रुपये २३ ते २५ आणि दहा व वीस रुपयांची नाणी २७ मिलिमीटरची आहेत. ही नाणी बोटांच्या मुळाशी चांगली राहतात, पण तळहाताच्या मध्यात मोठ्या माणसाच्या हातातून सहज निसटतात. त्यामुळे नाण्यांचा अभ्यास करणारे जुने रुपये किंवा परदेशी हाफ डॉलर जमवतात आणि प्रेक्षकाकडून मागून घेतलेल्या नाण्यावरचे प्रयोग बोटांच्या पकडीवर बेततात.