पुठ्ठ्यातून आलेले ठिपके

धुतलेल्या फिल्मवर काळे ठिपके दिसले की आम्हा एक्स-रेवाल्यांचा पहिला संशय डार्करूमवर. सेफलाइटची काच तडकली असेल, कॅसेट नीट मिटली नसेल, दाराच्या फटीतून उजेड शिरला असेल. माझी सगळी नोकरी अशाच खोलीत गेली, म्हणून ज्युलियन वेब यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे.

1945 साली अमेरिकेत कोडॅककडे तक्रारी येऊ लागल्या, की न वापरलेली एक्स-रे फिल्मही ठिपकेदार निघते. कोडॅकचे भौतिकशास्त्रज्ञ वेब यांनी थेट पॅकिंगचा पुठ्ठा तपासायला घेतला. त्याला कारण होतं. युद्धकाळात उपकरणांच्या चमकत्या तबकड्यांना रेडियम लावत आणि तिथली रद्दी पुठ्ठ्यात जाऊन फिल्म बिघडली होती. तेव्हापासून कंपनी कच्च्या मालावर नजर ठेवता येईल अशाच गिरण्यांकडून पेंढ्याचा पुठ्ठा घेई.

तरीही ठिपके आले. हा पुठ्ठा इंडियानातल्या व्हिन्सेन्सच्या गिरणीत 6 ऑगस्टला बनलेला. (तो हिरोशिमाचा दिवस, पण या दोषाचा त्या बॉम्बशी संबंध नाही.) रेडियम असतं तर अल्फा कण भरपूर सापडले असते. इथे सापडले ते बीटा, आणि त्यांचा जोर साधारण महिन्याभरात निम्मा होई; रेडियमला त्यासाठी 1,600 वर्षं लागतात. पुढे आयोवातल्या टामाच्या पुठ्ठ्यातही हाच प्रकार निघाला. दोन्ही गिरण्या नदीचं पाणी वापरत. 16 जुलैला न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली होती. तिची धूळ वाऱ्याबरोबर शेकडो मैल गेली, पावसातून नदीत उतरली आणि तिथून लगद्यात मुरली. तो पदार्थ सिरियम-141 असावा, हे वेब यांनी ताडलं. त्यांचा निबंध 1949 साली छापून आला. ठिपक्यावरून नदीपर्यंत आणि नदीवरून बॉम्बपर्यंत पोचणारा असा तपास मला दुसरा ठाऊक नाही.

1951 मध्ये नेवाडातल्या अणुचाचण्यांनंतर कोडॅकच्या रॉचेस्टर शहरात किरणोत्सारी बर्फ पडला. कोडॅकने तक्रार केली आणि पुढच्या चाचण्यांची आगाऊ माहिती फिल्म उत्पादकांना मिळू लागली. त्याच वाऱ्याखालच्या गायींच्या दुधात किरणोत्सारी आयोडीन उतरत होतं. ते दूध पिणाऱ्या मुलांच्या आईबापांना मात्र कुणी काही कळवलं नाही. फिल्मला जपलं आणि मुलांना नाही, हा सरकारचा अक्षम्य अपराध होता.