प्लग जुळला, पण भाषा?

समजा, टेबलावर दोन संगणक आहेत. एक १९८०च्या दशकातला, दुसरा आजचा. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस मात्र एकेकच ठेवण्याइतकी जागा आहे. वायर इकडून काढून तिकडे लावली की झाले, असे आपल्याला वाटेल. पण तसे सहसा होत नाही. याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

कळ दाबल्यावर कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, त्या कळेचा क्रमांक पाठवतो. कळ दाबली की सोडली, हेही कळवतो. त्यावरून अक्षर ठरवायचे काम संगणकाचे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड फक्त सांगत असे. १९८४च्या 'पीसी एटी'मध्ये संगणकही कीबोर्डला आज्ञा देऊ लागला. उदाहरणार्थ, 'कॅप्स लॉकचा दिवा लाव'. कळांचे क्रमांकही बदलले. पाच पिनांचा गोल प्लग मात्र तोच राहिला! त्यामुळे १९८४चा कीबोर्ड १९८१च्या संगणकात व्यवस्थित बसतो, पण चालत नाही.

१९८७ साली 'पीएस/२' मालिकेत नेमके उलटे घडले. प्लग लहान आणि सहा पिनांचा झाला, पण भाषा एटीचीच राहिली. इथे साधा जोडतुकडा पुरतो. १९९६मध्ये 'यूएसबी' आले आणि प्लग व भाषा दोन्ही बदलले. जुना कीबोर्ड कळ दाबताच आपणहून बोलतो. यूएसबी कीबोर्डला मात्र संगणक ठरावीक वेळाने विचारत राहतो आणि विचारल्यावरच तो उत्तर देतो. काही यूएसबी कीबोर्डना दोन्ही भाषा येतात. बाकीच्यांना दुभाष्या लागतो, म्हणजे एका बाजूचे बोलणे समजून घेऊन दुसऱ्या बाजूच्या भाषेत सांगणारी छोटी चिप.

मॉनिटरची अडचण वेगाची आहे. भारतात १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यांचा कीबोर्ड संगणकाच्या पेटीतच असे, त्यामुळे वाटून घेता येण्यासारखा होता तो मॉनिटरच. हा संगणक त्या काळच्या दूरदर्शन संचाच्या वेगाने चित्र पाठवी. ६२५ रेषांची २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. १९८७च्या 'व्हीजीए' पद्धतीत हा वेग सुमारे ३१,५०० रेषांवर गेला, जवळजवळ दुप्पट. पुढे आलेले संगणकाचे बहुतेक मॉनिटर यापेक्षा कमी वेगाचा संकेत स्वीकारतच नाहीत. संगणक ठीक असतो, पण पडदा काळाच राहतो.

आता दोन्ही संगणकांमध्ये बसवायच्या स्विचच्या पेटीचा विचार करू. सुरुवातीच्या साध्या पेट्या खटका फिरवून वायरी या संगणकावरून त्या संगणकावर नेत. पण कित्येक जुने संगणक सुरू होताना कीबोर्ड आहे का हे तपासतात आणि तो नसेल तर चूक दाखवून थांबतात. म्हणून पुढच्या पेट्या नुसत्या जोडणाऱ्या राहिल्या नाहीत. ज्या संगणकाकडे आपले लक्ष नाही, त्यालाही त्या 'कीबोर्ड इथेच आहे' असे भासवत राहतात.

हे सारे केवळ हौसेसाठी नाही. जुन्या फ्लॉपीवरचे हिशेब आणि कार्यक्रम अनेकदा जुनाच संगणक वाचू शकतो. तो धडधाकट असूनही त्याच्याशी बोलणारा कीबोर्ड मिळत नाही म्हणून भंगारात गेला, तर त्याच्याबरोबर ती माहितीही जाते.

शाळेत एखादा जुना संगणक असेल, तर तो बंद करून विद्यार्थ्यांना त्याची मागची बाजू पाहू द्यावी. प्रत्येक छिद्राचा आकार, पिनांची संख्या आणि तो प्रकार कोणत्या साली आला, याचा तक्ता करून घ्यावा. मग प्रत्येक जोडीसाठी दोन प्रश्न विचारावेत: प्लग जुळतो का? आणि भाषा जुळते का? पहिल्याचे उत्तर डोळ्यांनी मिळते. दुसऱ्यासाठी इतिहास माहीत असावा लागतो.